भिंतीवर निसर्गाचे रंग : छटेबरोबरच द्रव्य आणि प्रकाश यांचाही विचार हवा

पावसाळा सरून दसरा-दिवाळीचे वेध लागले की घरोघरी रंगकामाचा विषय निघतो. अलीकडे या विषयात ‘निसर्गाचे रंग’ हा शब्दप्रयोग वारंवार ऐकू येतो. रंगउत्पादकांच्या तक्त्यांवर माती, वाळू, शेवाळ, पानगळ, समुद्र, पहाट अशा नावांच्या छटांनी मोठी जागा व्यापली आहे. सिमेंट-काचेच्या शहरांत राहणाऱ्या माणसाला घरात निसर्गाचा स्पर्श हवासा वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु तक्त्यावर मनाला भावलेली छटा भिंतीवर आली की अनेकदा निराळीच दिसते. कोकणातल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत तिचे पोपडे निघतात, तर उत्तरेकडच्या अंधाऱ्या खोलीत ती मळकट भासते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर निसर्गातील रंग नेमका कशाचा बनलेला असतो, याकडे पाहावे लागते.

निसर्गात रंग कधीही एकटा नसतो. त्याला द्रव्य असते, पोत असतो आणि त्याच्यावर पडणारा प्रकाश क्षणाक्षणाला बदलत असतो. भिंतीसाठी निसर्गाचा रंग निवडणे म्हणजे या तिन्हींचा विचार करणे होय. भारतातील पारंपरिक घरबांधणीत हा विचार शेकडो वर्षे सहजपणे केला जात होता. आजच्या सदनिकांतही त्याचा उपयोग करून घेता येतो.

भाषेतच दडलेला रंगांचा तक्ता

मराठी भाषेने रंगांची नावे प्रामुख्याने निसर्गातूनच घेतली आहेत. फळे व भाज्यांनी जांभळा, डाळिंबी, अंजिरी, वांगी, आमसुली, लिंबू आणि बदामी हे रंग दिले. पक्ष्यांनी पोपटी, मोरपंखी आणि पारवा, तर फुलांनी गुलाबी, अबोली, गुलबक्षी आणि केतकी ही नावे पुरवली. शेवाळी, राखाडी, वीटकरी, हळदी, मोतिया, आकाशी ही नावेही याच कुळातली. ‘खाकी’ हा शब्द फारसीतील धूळ किंवा माती या अर्थाच्या ‘खाक’ शब्दापासून आला आहे. साडीच्या दुकानात ही नावे आजही सर्रास वापरली जातात. रंगाच्या दुकानात मात्र त्यांची जागा क्रमांकांनी आणि परदेशी नावांनी घेतली आहे.

नावे बदलली की रंगाचे वर्णनही तोकडे होते. ‘पारवा’ म्हटले की नुसती राखी छटा डोळ्यांपुढे येत नाही. तिच्यातील निळसर झाक आणि मऊपणाही आठवतो. ‘शेवाळी’ म्हटले की ओलसर, किंचित काळपट हिरवा सुचतो आणि ‘पोपटी’ म्हटले की उन्हातला कोवळा, झगझगीत हिरवा. रंगाऱ्याला किंवा सजावटकाराला आपली अपेक्षा सांगताना अशा नावांसोबत प्रत्यक्ष वस्तूच दाखवणे अधिक उपयोगी ठरते. वाळलेले पान, विटेचा तुकडा, नदीतला गोटा किंवा मुठीभर माती या वस्तू छापील तक्त्यापेक्षा जास्त सांगतात. कारण छापील चौकोनात एकच सपाट रंग असतो, तर गोट्यात चार-पाच जवळच्या छटा एकत्र नांदत असतात. एकाच खोलीत भिंत, पडदा, चादर आणि लाकूड यांची जुळणी करायची असेल, तर त्या चार-पाच छटा जणू तयार योजनाच हाती देतात.

मातीचे रंग का टिकतात

माणसाने भिंतीवर लावलेले सर्वांत जुने रंग मातीचे आहेत. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलाश्रयांत लाल आणि पांढऱ्या रंगांतील चित्रे मोठ्या संख्येने आढळतात. अजिंठ्याच्या चित्रकारांनी लाल व पिवळा गेरू, हिरवी माती, चुना, केओलिन आणि काजळी यांवर आपली रंगसंगती उभारली. तेथील काही उत्तरकालीन लेण्यांत निळ्या रंगासाठी लाजवर्द हे मौल्यवान खनिजही वापरलेले दिसते. इतक्या शतकांनंतरही या रंगांची ओळख पटते, याचे कारण त्यांच्या रसायनात आहे.

गेरूचा लाल रंग हा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे एका परीने गंजाचा रंग आहे. पिवळ्या मातीतही लोहच असते. मात्र तेथे त्याच्या स्फटिकरचनेत पाण्याचा अंश असतो. पिवळी माती भाजली की तो अंश निघून जातो आणि माती लाल होते. लोहाचे हे संयुग हवेशी आधीच पूर्णपणे अभिक्रिया करून बसलेले असल्याने ऊन, वारा किंवा चुन्याचा क्षार त्याच्यात सहसा आणखी बदल घडवू शकत नाही. म्हणूनच तुळशीवृंदावनाला, जोत्याला किंवा अंगणाच्या कडेला ओढलेला गेरूचा पट्टा पावसाने धुपला, तरी उन्हाने विटत नाही.

वनस्पतींपासून मिळणाऱ्या रंगांचे तसे नाही. हळदीचा पिवळा रंग कितीही मोहक असला, तरी सूर्यप्रकाशात तो काही काळातच उडतो. शिवाय चुन्याशी संपर्क येताच हळद लाल होते. कुंकू तयार करण्याची पारंपरिक रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. त्यामुळे हळद चुन्याच्या भिंतीसाठी निरुपयोगी ठरते. कापड रंगवण्यासाठी उत्तम असलेले अनेक वनस्पतिज रंग भिंतीवर टिकत नाहीत. ‘नैसर्गिक’ या एकाच शब्दाखाली येणाऱ्या द्रव्यांमध्ये केवढे अंतर असते, याचे हे सोपे उदाहरण आहे. घराच्या भिंतीसाठी खनिज रंग विश्वासाचे आहेत. वनस्पतिज रंगांचे स्थान पडदे, अभ्रे आणि गालिचे यांत आहे.

प्रत्येक प्रदेशाची आपली भिंत

वाहतुकीची साधने मर्यादित होती, त्या काळी भिंतीचा रंग आसपासच्या जमिनीतूनच येत असे. त्यामुळे घर आणि परिसर यांचे नाते आपोआप जुळे. पालघर जिल्ह्यातील आणि लगतच्या भागातील वारली घरांत कुडाच्या भिंतीला शेण-मातीचा लेप देऊन त्यावर गेरू लावला जातो आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्रे रेखली जातात. विवाहप्रसंगी काढला जाणारा लग्नचौक हा या चित्रकलेचा गाभा. तेथे दोनच रंग असतात, तरी भिंत उणी वाटत नाही.

कोकण आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या प्रदेशातील लाल मातीने ‘कावी’ ही कला घडवली. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा लाल थर देऊन तो ओला असतानाच कोरायचा आणि खालचा पांढरा थर उघडा करायचा, ही तिची पद्धत. अनेक जुन्या मंदिरांच्या आणि घरांच्या भिंतींवर हे काम आजही पाहायला मिळते. येथे रंग भिंतीवर चढवलेला नसून भिंतीचाच भाग बनलेला असतो. म्हणून त्याचे पोपडे निघण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

झारखंडमधील हजारीबागच्या परिसरात सुगीच्या सणाला सोहराई आणि लग्नाच्या वेळी खोवर चित्रे काढली जातात. काळी, पांढरी, पिवळी आणि लाल माती एवढीच त्यांची सामग्री. खोवरमध्ये काळ्या मातीच्या थरावर पांढरा थर देऊन तो ओला असताना कंगव्याने खरवडला जातो. सोहराई-खोवर चित्रशैलीला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केरळमधील भित्तिचित्रांची परंपरा पांढरा, पिवळा, लाल, हिरवा आणि काळा या पाच रंगांवर उभी आहे. राजस्थानातील जैसलमेरमध्ये तर स्थानिक पिवळा दगडच घरांचा रंग ठरवतो.

या सर्व परंपरांत एक गोष्ट समान आहे. रंग मोजके असतात आणि ते एकाच भूमीतून आलेले असल्याने परस्परांशी सहज जुळतात. आजच्या घरात पंधरा छटा एकत्र आणून त्या जुळवण्याची धडपड केली जाते. त्याऐवजी आपल्या परिसरातील माती, दगड आणि झाडे यांतून तीन-चार रंग घेतले, तर जुळणीचे अर्धे काम आधीच झालेले असते. नागपूरच्या परिसरातील काळी माती आणि सागाची पाने, रत्नागिरीचा जांभा आणि माडांची झावळी, इंदूर-उज्जैनच्या माळव्यातील गव्हाचे पिकलेले शेत किंवा बडोद्याच्या रस्त्यांवरील वडाची दाट सावली या प्रत्येकाची रंगसंगती वेगळी आहे. परगावी स्थायिक झालेल्या कुटुंबांना आपल्या मूळ मुलखाची आठवण घरात जपण्याचाही हा एक मार्ग ठरू शकतो.

चुन्याची भिंत आणि ओल

पारंपरिक रंगकामाचा आधार चुना होता. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की चुनकळी मिळते. ती पाण्यात टाकली की पाणी उकळू लागते आणि भिजलेला चुना तयार होतो. हा चुना पातळ करून भिंतीवर लावला की तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीत रूपांतरित होतो. थोडक्यात, सफेदी केलेल्या भिंतीवर दगडाचाच एक पातळ थर चढलेला असतो.

या थरातून पाण्याची वाफ आरपार जाऊ शकते. दगड, वीट, माती यांच्या जुन्या जाड भिंती जमिनीतील आणि पावसातील ओल थोडीफार शोषतातच. चुन्याच्या थरातून ती बाहेर पडून भिंत सुकते. अशाच भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक इमल्शनचा थर दिला, तर ओल आत कोंडते. मग रंगाला फुगे येतात, क्षार बाहेर फुटतात आणि पोपडे पडू लागतात. गावाकडच्या जुन्या घराला ‘टिकाऊ’ म्हणून महागडा रंग दिल्यानंतर भिंत अधिक खराब झाल्याचा अनुभव अनेक कुटुंबांना येतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. चुना तीव्र अल्कलीधर्मी असल्याने ताज्या सफेदीवर बुरशीही सहजासहजी वाढत नाही.

चुन्याच्या भिंतीचे सौंदर्यही निराळे असते. तिच्यावर फासलेला रंग सपाट दिसत नाही. ब्रशच्या फटकाऱ्यांनुसार ढगांसारखी हलकी-गडद झाक उमटते. गेरू, पिवळी माती, हिरवी माती यांसारखी खनिज द्रव्ये चुन्यात मिसळून अनेक सौम्य छटा मिळवता येतात. मात्र द्रव्याचे प्रमाण अति झाले, तर चुना ते धरून ठेवू शकत नाही आणि हात लागताच रंग पुसला जातो. म्हणून चुन्यातील रंग स्वभावतःच फिके आणि शांत असतात. सफेदीत चिमूटभर नीळ टाकण्याची रीतही शास्त्राला धरून आहे. पांढऱ्यातील पिवळट झाक निळ्यामुळे झाकली जाते आणि भिंत अधिक शुभ्र दिसते.

चुन्याच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. तो पाणी शोषणाऱ्या पृष्ठभागावरच धरतो; आधीच ऑइल पेंट किंवा इमल्शन दिलेल्या भिंतीवर तो टिकत नाही. तो ओल्या फडक्याने घासून पुसता येत नाही, त्यामुळे स्वयंपाकघर आणि स्नानगृह यांसाठी फारसा सोयीचा नाही. एकाच जाड थराऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात आणि काही वर्षांनी ते पुन्हा द्यावे लागतात. ओला चुना त्वचा आणि डोळ्यांना इजा करतो, म्हणून काम करताना हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहे.

प्रकाश बदलला की रंग बदलतो

दुकानातील दिव्याखाली निवडलेला रंग घरी वेगळा दिसतो, यात दुकानदाराचा किंवा रंगाऱ्याचा दोष नसतो. रंग म्हणजे भिंतीने परत पाठवलेला प्रकाश. मूळ प्रकाशच वेगळा असेल तर परतणाराही वेगळा असणार. उत्तरेकडील खिडकीतून बहुतेक काळ थेट ऊन न येता आकाशाचा निळसर प्रकाश येतो. त्या प्रकाशात राखाडी आणि निळ्या छटा थंड, उदास वाटू शकतात, तर पिवळी माती, फिकट गेरू किंवा बदामी रंग खोलीला ऊब देतात. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर तांबूस ऊन येते. तेथे वीटकरी किंवा शेंदरी भिंत डोळ्यांना जाचते आणि शेवाळी, पारवा, फिकट आकाशी या छटा सुसह्य वाटतात.

रात्रीच्या दिव्यांचाही विचार हवा. एलईडी दिव्यांच्या वेष्टनावर प्रकाशाची झाक केल्विनमध्ये दिलेली असते. सुमारे 2700 केल्विनचा दिवा पिवळसर, तर 6500 केल्विनचा दिवा निळसर पांढरा प्रकाश देतो. पिवळसर दिव्याखाली मातीचे रंग खुलतात आणि निळ्या छटा मंदावतात. पांढऱ्या दिव्याखाली याच्या उलट घडते. अंधुक प्रकाशात आणखी एक बदल होतो. संधिप्रकाशात माणसाच्या डोळ्यांना लाल रंग काळपट आणि निळे-हिरवे रंग तुलनेने उजळ दिसतात. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी 19व्या शतकाच्या पूर्वार्धात या बदलाची नोंद केली आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दिवसा देखणी दिसणारी गडद गेरूची भिंत मंद दिव्यांच्या खोलीत रात्री जड वाटते, त्यामागे हेही एक कारण आहे.

रंग किती प्रकाश परत पाठवतो हे दर्शवणारा एक आकडा अनेक उत्पादक आपल्या तक्त्यात देतात. त्याची मोजपट्टी शून्य ते 100 अशी असते. शून्य म्हणजे निव्वळ काळा आणि 100 म्हणजे निव्वळ पांढरा. अंधाऱ्या खोलीसाठी हा आकडा जास्त असलेली छटा निवडावी, म्हणजे दिवसा दिवा लावण्याची गरज कमी होते. इमारतीच्या बाहेरील बाजूस आणि विशेषतः गच्चीवर याचे महत्त्व अधिक आहे. गडद पृष्ठभाग ऊन शोषून तापतो, पांढरा ते परत पाठवतो. उष्णतेच्या लाटांना तोंड देण्यासाठी अहमदाबादसारख्या शहरांत छतांना पांढरा रंग देण्याचे उपक्रम राबवण्यात आले. तेलंगणाने 2023 मध्ये ‘कूल रूफ’ धोरण जाहीर केले. गच्चीला चुन्याची सफेदी देण्याच्या जुन्या प्रथेचेच हे आधुनिक रूप म्हणता येईल.

निसर्गातील प्रमाण आणि घरातील मांडणी

जंगलाकडे किंवा शेताकडे पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. माती, खोडे, सुके गवत, दूरचे डोंगर यांचे शांत रंग मोठी जागा व्यापतात. पळसाचे फूल, खंड्याचा पंख किंवा पिकलेले फळ यांचा झळझळीत रंग थोड्याच जागेत असतो आणि म्हणूनच तो नजरेत भरतो. सजावटकारांचा 60-30-10 हा संकेतही असाच आहे. खोलीतील सुमारे 60 टक्के भाग मुख्य शांत रंगाचा, 30 टक्के त्याला पूरक रंगाचा आणि उरलेला 10 टक्के ठसठशीत रंगाचा असावा, असे तो सुचवतो. हा नियम काटेकोर नसला, तरी मोरपंखी रंग चारही भिंतींना देण्याऐवजी दोन उशांना किंवा एका कोनाड्याला देणे का शोभते, हे त्यातून उमगते.

मांडणीची सुरुवात भिंतीपासून न करता फरशीपासून करणे शहाणपणाचे ठरते. फरशी वारंवार बदलता येत नाही आणि जुन्या घरांत ती बहुधा निसर्गातूनच आलेली असते. शहाबादी फरशीचा करडा, कोटा दगडाचा हिरवट-निळसर किंवा तपकिरी, कडप्प्याचा काळा आणि लाल कोब्याचा गेरवा हे सारे मुळात निसर्गातीलच रंग आहेत. शहाबादीसोबत मोतिया आणि शेवाळी, लाल कोब्यासोबत चुन्याचा पांढरा आणि सागाचा तपकिरी, कोट्यासोबत फिकट पिवळी माती अशा जोड्या सहज जमतात. चकचकीत पांढऱ्या टाइल्स असलेल्या सदनिकेत ऊब आणण्याचे काम लाकूड, वेत, ताग आणि मातीची भांडी यांच्याकडे सोपवता येते.

काही वेळा रंग न देणे हाच उत्तम उपाय असतो. केरळमध्ये दीर्घकाळ काम केलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी उघड्या विटांच्या भिंती बांधून गिलावा आणि रंग या दोन्हींचा खर्च वाचवला. त्यांच्या इमारतींत विटेचा भाजका रंग हीच सजावट ठरली. घरात एखादी भिंत दगडाची किंवा चांगल्या विटांची असेल, तर ती झाकण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहावी.

हिरवी भिंत आणि हिरवे झाड

हिरवा रंग मन शांत करतो, निळा झोप आणतो, अशी विधाने जाहिरातींतून नेहमी केली जातात. त्यांना आधार म्हणून निसर्ग आणि आरोग्य यांच्यावरील संशोधनाचा हवाला दिला जातो. या क्षेत्रातील सर्वाधिक उल्लेखले जाणारे संशोधन रॉजर उलरिच यांचे असून ते 1984 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

हा अभ्यास झाडांच्या दर्शनाविषयी आहे, हिरव्या रंगाविषयी नाही. झाड हलते, ऋतूनुसार बदलते, त्यावर पक्षी येतात. हिरवी भिंत यांपैकी काहीच देत नाही. त्यामुळे रंग हा निसर्गाचा पर्याय समजू नये. खिडकीसमोरचे कपाट हटवून बाहेरचे झाड दिसू देणे, गॅलरीत चार कुंड्या ठेवणे, दिवसाचा प्रकाश आत येऊ देणे यांचा परिणाम महागड्या हिरव्या रंगापेक्षा अधिक होऊ शकतो. भिंतीचा रंग त्या दृश्याला साथ देणारा असावा. खिडकीत हिरवाई असेल, तर भिंतीला पुन्हा गडद हिरवा देण्याऐवजी फिकट मातकट किंवा मोतिया रंग दिला की बाहेरची झाडे अधिक उठून दिसतात.

‘नैसर्गिक’ या शब्दाची पारख

डब्यावर पानाचे चित्र असले म्हणजे आतील द्रव्य निरुपद्रवी असते, असे नाही. छटा मातीची असूनही द्रव्य पूर्णपणे कृत्रिम असू शकते. उलट, खनिज असलेले प्रत्येक द्रव्यही सुरक्षित नसते. शेंदरी रंगासाठी पूर्वी वापरला जाणारा शेंदूर हे शिशाचे संयुग आहे. चमकदार पिवळ्या रंगासाठी वापरले जाणारे लेड क्रोमेटही शिशाचेच. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नसल्याची जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

केंद्र सरकारने 2016 मध्ये घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाच्या प्रमाणाविषयी नियम केले. त्यानुसार 1 नोव्हेंबर 2017 पासून अशा रंगांत दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा अधिक शिसे असण्यास मनाई आहे. डब्यावर याबाबतचा उल्लेख पाहून घ्यावा. खरी काळजी जुन्या घरांत घ्यावी लागते. या नियमांपूर्वी दारे, खिडक्या आणि गजांना दिलेल्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. तो कोरडा घासला की विषारी धूळ घरभर पसरते. म्हणून जुना रंग पाणी लावून, ओल्या पॉलिश पेपरने घासावा. काम चालू असताना मुले आणि गर्भवती महिलांना तेथून दूर ठेवावे, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि भांडी, पाणी, अन्न झाकून ठेवावे. रंगाऱ्यांना चांगल्या प्रतीचा मास्क देणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, कारण ही धूळ दररोज त्यांच्याच श्वासात जाते.

नव्या रंगाच्या उग्र वासामागे हवेत उडणारी सेंद्रिय रसायने असतात. पाण्यात मिसळणाऱ्या रंगांत त्यांचे प्रमाण तेलात मिसळणाऱ्या रंगांपेक्षा साधारणपणे कमी असते. रंगकामानंतर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवणे हिताचे असते. पर्यायी द्रव्यांच्या शोधात सरकारी पातळीवरही प्रयत्न झाले आहेत. खादी व ग्रामोद्योग आयोगाने जयपूर येथील कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेत विकसित झालेला, शेणाचा मुख्य घटक म्हणून वापर करणारा ‘प्राकृतिक पेंट’ जानेवारी 2021 मध्ये बाजारात आणला. डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन प्रकारांत तो उपलब्ध करण्यात आला. शेणाने सारवलेल्या भिंतींची आठवण जपणाऱ्या पिढीला या कल्पनेत नवल वाटणार नाही.

रंग देण्यापूर्वी

निवड पक्की करण्यापूर्वी काही साध्या पायऱ्या पाळल्या तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. प्रथम भिंतीतील ओल तपासावी; गळती दुरुस्त न करता दिलेला कोणताही रंग टिकत नाही. भिंत जुन्या दगड-विटांची आहे की काँक्रीटची, तिच्यावर आधी कोणता रंग आहे, हे पाहून चुना, डिस्टेंपर किंवा इमल्शन यांपैकी द्रव्य ठरवावे. त्यानंतर फरशी, लाकूड आणि खिडकीबाहेरचे दृश्य यांच्याशी जुळणाऱ्या दोन-तीन छटा निवडाव्यात.

या छटांचे छोटे नमुने आणून किमान दीड-दोन फूट लांबी-रुंदीच्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत. तो पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींवर ठेवून सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि रात्री दिव्याखाली पाहावा. मोठ्या पृष्ठभागावर रंग तक्त्यापेक्षा अधिक गडद आणि भडक भासतो, हे ध्यानात ठेवून मनात असलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट छटा घ्यावी. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल, तर पडदे, चादरी, टेराकोटाच्या कुंड्या आणि वेताच्या वस्तू यांतूनही मातीचे, पानांचे आणि दगडांचे रंग घरात आणता येतात.

निसर्गाच्या रंगांनी घर सजवण्यासाठी मोठा खर्च करावा लागतोच असे नाही. परिसरातील मातीत, दगडांत आणि झाडांत रंगसंगती तयार असते. ती डोळसपणे पाहावी लागते. छटेबरोबर तिचे द्रव्य पारखले, घरात येणारा प्रकाश ओळखला आणि भडक रंगाला त्याच्या छोट्या जागीच ठेवले, तर भिंतीचा रंग अनेक पावसाळ्यांनंतरही प्रसन्न वाटतो आणि घरातील माणसांच्या प्रकृतीलाही अपाय होत नाही.